कूर्चा : घडण, वाढ आणि झीज

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेतील भाषणाचा लिखित मजकूर)

पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या घरात तीन वाक्ये हमखास कानावर पडतात. ‘गुडघ्यातले वंगण संपले’, ‘वाटी घासली’ आणि ‘मणक्यात गॅप आला’. शरीरशास्त्राच्या कसोटीवर यांपैकी एकही वाक्य पुरते उतरत नाही; पण तिन्ही वाक्ये एकाच पदार्थाकडे बोट दाखवतात. तो पदार्थ म्हणजे कूर्चा. कोणी तिला उपास्थी म्हणतात, कोणी कास्थी. नाकाचा शेंडा, कानाचे पान, श्वासनळीची कडी, बरगड्यांची पुढची टोके, मणक्यांमधल्या चकत्या आणि प्रत्येक मोठ्या सांध्यात हाडाच्या टोकावर असलेला निळसर-पांढरा, गुळगुळीत थर, ही सारी तिचीच रूपे होत.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अस्थींचे पाच प्रकार सांगितले आहेत. कपाल, रुचक, वलय आणि नलक यांच्या पंगतीत ‘तरुण’ नावाचा प्रकार येतो आणि त्याची स्थाने म्हणून नाक, कान, मान आणि नेत्रकोश यांचा उल्लेख होतो. सूक्ष्मदर्शक नसताना केवळ शवविच्छेदन आणि स्पर्श यांच्या बळावर या मऊ अस्थींना वेगळे नाव देणे ही बारीक निरीक्षणाची साक्ष आहे. अर्थात आजचे सारे ज्ञान त्या एका शब्दात आधीच साठवलेले होते, असा दावा करणे हा सुश्रुताचा गौरव ठरत नाही. त्याने जे पाहिले ते नेमके पाहिले, एवढे पुरेसे आहे. शिवाय ‘तरुण’ हा शब्द एका वेगळ्या अर्थानेही चपखल ठरतो. कारण हातापायांचे बहुतेक प्रत्येक हाड आयुष्याच्या आरंभी कूर्चाच असते.

गर्भातील साचा

गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना हातापायांच्या जागी छोटे कोंब फुटलेले असतात. त्या कोंबांच्या आत सैल विखुरलेल्या पेशी एकमेकींजवळ सरकतात, दाट पुंजका करतात आणि त्यांच्यात ‘सॉक्स-९’ नावाचे जनुक जागे होते. या जनुकाची आज्ञा मिळाली की त्या पेशी कूर्चापेशी होतात आणि स्वतःभोवती एक विशेष द्रव्य स्रवू लागतात. मांडीचे हाड, दंडाचे हाड, बोटांची पेरे या सर्वांची हुबेहूब आकृती प्रथम या मऊ द्रव्यात तयार होते. मूर्तिकार धातूची मूर्ती ओतण्याआधी मेणाचा साचा करतो, तशीच ही निसर्गाची रीत आहे. पुढे साच्याच्या मध्यभागी रक्तवाहिन्या शिरतात आणि तिथून हाड घडू लागते. सॉक्स-९ मध्ये दोष असेल तर साचाच बिघडतो. वाकलेली हाडे आणि ढिसाळ श्वासनळी घेऊन जन्मणाऱ्या अर्भकांच्या एका गंभीर आजाराचे मूळ या जनुकात आहे, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले.

साच्याचे हाडात रूपांतर जन्माच्या वेळी पुरते झालेले नसते. नवजात बालकाच्या मनगटाची क्ष-किरण प्रतिमा काढली तर तिथे एकही हाड दिसत नाही, कारण मनगटाची आठही हाडे तेव्हा कूर्चेची असतात आणि क्ष-किरण कूर्चेतून आरपार जातात. गुडघ्याची वाटीदेखील तेव्हा कूर्चेचीच असते. तिच्यात हाड दिसू लागते ते साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षी. नवजात बालकाच्या खुब्याच्या सांध्यातील गोळाही असाच मऊ असल्यामुळे तो नीट खोबणीत बसला आहे की नाही, हे पाहण्यासाठी क्ष-किरणांऐवजी सोनोग्राफी करावी लागते. ही पद्धत ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये मांडली.

या ठिकाणी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून, एकमेकांना चिकटवून दुपट्यात घट्ट आवळले तर खुब्याचा कोवळा गोळा खोबणीतून निसटण्याचा धोका वाढतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास अशा बांधणीविरुद्ध देशव्यापी मोहीम झाली आणि खुबा निखळण्याचे प्रमाण झपाट्याने उतरले. याउलट बाळाला कडेवर घेण्याची आपली जुनी पद्धत, पाय फाकवून आईच्या कमरेला कवटाळण्याची, त्या सांध्याला फार मानवते. छातीभोवती ऊब देणारे दुपटे असावे, पायांना मात्र मोकळीक असावी.

उंचीचे कारखाने

हाड मधून भरत गेले तरी त्याच्या दोन्ही टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर शिल्लक राहतो. त्याला वृद्धिपट्ट म्हणतात. मूल उंच होते ते या पट्टांमुळे. पट्टाच्या एका बाजूला राखीव पेशी असतात. त्यांच्यापुढे नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या, वेगाने विभागणाऱ्या पेशी. त्यांच्यापुढे फुगून अनेक पटींनी मोठ्या झालेल्या पेशी. आणि सर्वांत शेवटी चुना धरलेला थर, ज्यावर हाड चढते. हा फुगण्याचा टप्पाच उंचीला सर्वाधिक हातभार लावतो. फुगलेल्या पेशी आपले काम संपवून मरतात, असे पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ शिकवले गेले. २०१४ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले, की त्यांपैकी काही पेशी मरत नाहीत; त्या स्वतःच अस्थिपेशींचे रूप घेतात.

सर्व वृद्धिपट्ट सारख्या वेगाने काम करीत नाहीत. वाढत्या वयात मांडीच्या हाडाचे खालचे टोक वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर आणि नडगीचे वरचे टोक सुमारे ६ मिलिमीटर भर घालते. म्हणजे पायाच्या लांबीतील मोठा वाटा गुडघ्याच्या आसपास तयार होतो. म्हणूनच शाळकरी मुलाच्या गुडघ्याजवळची दुखापत ‘लचक’ म्हणून सोडून देणे महागात पडू शकते. वृद्धिपट्टातून गेलेल्या अस्थिभंगाचे वर्गीकरण सॉल्टर आणि हॅरिस या कॅनडातील शल्यविशारदांनी १९६३ मध्ये केले आणि आजही अस्थितज्ज्ञ तेच वापरतात. त्यांतील काही प्रकारांत पट्ट मधूनच जुळून बंद होतो आणि पाय वाकडा किंवा आखूड राहतो. असा मार बसलेला पाय हाडवैद्याकडे नेऊन तेल लावून ओढून घेण्याची चाल अनेक गावांत अद्याप आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत ती चालून गेली तरी मुलाच्या बाबतीत ती सर्वस्वी गैर आहे.

हे कारखाने बंद कोण करते? पुष्कळांची समजूत अशी, की मुलांमध्ये पुरुषी संप्रेरक आणि मुलींमध्ये स्त्रीसंप्रेरक हे काम करते. १९९४ मध्ये अमेरिकेतील एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकिकत प्रसिद्ध झाली. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि तो अजून वाढतच होता. त्याच्या शरीरात पुरुषी संप्रेरक पुरेसे होते. पण इस्ट्रोजेनचा संदेश स्वीकारणारी यंत्रणा जन्मतः बिघडलेली होती. त्यावरून स्पष्ट झाले, की मुलगा असो वा मुलगी, वृद्धिपट्ट मिटवण्याचा हुकूम इस्ट्रोजेनच देते. पुरुषाच्या शरीरात ते पुरुषी संप्रेरकापासूनच थोड्या प्रमाणात तयार होते. मुलींचे पट्ट साधारण १३ ते १५ आणि मुलांचे १५ ते १७ या वयात मिटतात. एकदा मिटले की कोणतीही भुकटी, गोळी किंवा लोंबकळण्याचा व्यायाम उंची वाढवू शकत नाही. लग्नाच्या वयातल्या मुलामुलींना ‘सहा महिन्यांत तीन इंच’ असे सांगून पैसे उकळणाऱ्या जाहिरातींचे पितळ डाव्या मनगटाच्या एका क्ष-किरण प्रतिमेने उघडे पडते. त्या प्रतिमेवरून हाडांचे वय काढता येते आणि वाढ किती उरली आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

वृद्धिपट्टाचे आजार दोन जातींचे. पहिली जात उपासमारीची. ड जीवनसत्त्व किंवा चुना-स्फुरद कमी पडले तर कूर्चा वाढत राहते, मात्र तिच्यावर चुना धरला जात नाही. परिणामी मनगटे रुंदावतात, बरगड्यांच्या टोकांवर मण्यांची माळ उठते आणि चालू लागलेल्या मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकतात. हा मुडदूस. बारमाही ऊन असलेल्या देशात, सदनिकांच्या बंद दारांआड वाढणाऱ्या मुलांमध्येही तो आढळावा, ही विचार करायला लावणारी बाब आहे.

दुसरी जात आनुवंशिक. अकॉन्ड्रोप्लासिया या बुटकेपणाच्या सर्वांत परिचित प्रकाराचे जनुक १९९४ मध्ये सापडले. कूर्चेच्या वाढीला लगाम घालणारे एक ग्राहक-प्रथिन असते. या व्यक्तींमध्ये तो लगाम कायम ओढलेला राहतो. यातील सुमारे ८० टक्के व्यक्तींचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात, म्हणजे बदल त्या अपत्यातच प्रथम घडलेला असतो. तेव्हा घराण्याला, ग्रहणाला किंवा आईच्या पथ्यापाण्याला दोष देण्यात काही अर्थ नाही. लगाम सैल करणारे व्होसोरिटाइड हे औषध २०२१ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्य झाले. भारतातील एक उदाहरण मात्र अधिक चटका लावणारे आहे. कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात हंदिगोडू नावाचे गाव आहे. १९७० च्या दशकात तेथील गरीब शेतमजूर कुटुंबांत खुबे आणि गुडघे वेदनेने निकामी होऊन माणसे रांगू लागल्याचे उजेडात आले. आरंभी भातखाचरांतील कीटकनाशकांवर संशय गेला. पुढील अभ्यासात हा कूर्चा आणि हाड यांच्या घडणीतला, पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा दोष असल्याचे दिसून आले. गावाचे नाव रोगाला चिकटले.

तारुण्यात मिळालेली ठेव

प्रौढ सांध्यातील कूर्चा हा एक विलक्षण पदार्थ आहे. जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर. वजनाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग पाणी. आणि त्यात पेशींचा वाटा अगदी अल्प. पाण्याला धरून ठेवतात ते ॲग्रिकॅन नावाचे, ऋणभाराने गच्च भरलेले रेणू. ते सारखे फुगू पाहतात आणि कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे त्यांना आवळून धरते. हे तंतू खालच्या हाडातून उभे निघतात आणि पृष्ठभागाजवळ दगडी पुलाच्या कमानीसारखे वळतात, असे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ बेनिंगहोफ यांनी १९२५ मध्ये दाखवले. फुगणे आणि आवळणे यांच्या या ओढाताणीतून असा पृष्ठभाग घडतो, की त्यावरील घर्षण बर्फावर बर्फ सरकवताना होणाऱ्या घर्षणाहूनही कमी असते. ‘वंगण’ हा शब्द म्हणूनच अर्धा खरा आहे. सांध्यात द्रव असतो; पण खरी करामत त्या थराची असते, आणि झिजलेल्या गुडघ्यात तो द्रव पुष्कळदा कमी होण्याऐवजी वाढलेला आढळतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून झिरपत येते. पाऊल टेकले की स्पंज पिळावा तसे पाणी बाहेर येते, पाऊल उचलले की ते पोषणासह परत शोषले जाते. त्यामुळे हालचाल हाच तिचा आहार म्हणावा लागतो. मेरुरज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या रुग्णांमध्ये गुडघ्याची कूर्चा काही महिन्यांतच पातळ झाल्याचे मोजमापांत दिसले आहे. ‘गुडघे झिजतील’ या भीतीने चालणे सोडणारा माणूस नेमके उलटे करीत असतो.

रक्तपुरवठा नसण्याची किंमत कोल्हापूरच्या कोणत्याही जुन्या तालमीत पाहायला मिळते. पैलवानाचे मोडलेले, गोळा झालेले कान हा तिथे मानाचा दागिना समजला जातो. कानाच्या कूर्चेला तिच्यावरील पातळ आवरणातून पोषण मिळते. कुस्तीत कान रगडला गेला की आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साकळते, कूर्चेची उपासमार होते आणि तिच्या जागी वेडावाकडा कठीण गोळा तयार होतो. रक्त पहिल्या काही दिवसांत काढून कान दाबून बांधला तर कान वाचतो. बुगडी किंवा भिकबाळीसाठी कानाच्या वरच्या भागात केलेले छिद्रही याच कारणाने जपावे लागते. पाळीत कूर्चा नसते, म्हणून तिथली जखम लवकर भरते. वरच्या कडेला जंतुसंसर्ग झाला तर कानाचा आकार कायमचा जाऊ शकतो.

कूर्चेच्या या अगतिकतेची नोंद फार जुनी आहे. विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात सांगितले होते, की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती परत येत नाही. या विधानाचा पुरावा अखेर अनपेक्षित दिशेने आला. १९५० आणि १९६० च्या दशकांत महासत्तांनी वातावरणात अण्वस्त्रांच्या चाचण्या केल्या. हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले, १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते उतरत गेले, आणि त्या काळातील प्रत्येक सजीवात त्याची खूण उमटली. डेन्मार्कमधील संशोधकांनी वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या माणसांच्या गुडघ्यांच्या कूर्चेतील हा कार्बन मोजला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. कोलॅजेनचे जाळे वाढत्या वयात विणले जाते आणि त्यानंतर त्याची जवळजवळ अदलाबदल होत नाही. निरोगी गुडघ्यात नाही आणि रोगटही गुडघ्यात नाही. सत्तरीतला माणूस विशीतल्या कोलॅजेनवरच चालत असतो.

प्रतिमा आणि वेदना

झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस, ही केवळ घासण्याची क्रिया नाही. जाळे ढिले पडते, ॲग्रिकॅन निसटते, पेशी गोंधळून स्वतःच विघटक विकरे स्रवू लागतात, खालचे हाड कठीण होते, कडेला हाडाची टोके फुटतात आणि सांध्याच्या अस्तराला सूज येते. वय, वजन, आनुवंशिकता, पायांचा बाक आणि जुनी दुखापत ही प्रमुख कारणे. यांतील शेवटच्या कारणाकडे मैदानावर खेळणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये गुडघ्यातील स्नायुबंध अथवा चंद्रकोरीसारखी गादी फाटलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पुढील १० ते २० वर्षांत ही झीज गाठते. विशीतल्या पकडीचा हिशेब चाळिशीत द्यावा लागतो. आठवडाभर हळद-मीठ लावून पुन्हा मैदानात उतरणे हे शौर्य नव्हे.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर पाहणी सुरू केली. दर १०० प्रौढांमागे सुमारे १८ जणांना सांधे-स्नायूंचे कोणते ना कोणते दुखणे असल्याचे तिथे आढळले. सांधेदुखी ही शहरी सुखवस्तूंची तक्रार आहे, हा समज त्या आकड्यांनी मोडीत काढला.

आता परीक्षेविषयी. गुडघा दुखताच क्ष-किरण प्रतिमा काढली जाते. पण तीत कूर्चा दिसतच नाही. दोन हाडांमधील मोकळी जागा दिसते आणि तीवरून कूर्चेचा अंदाज बांधला जातो. गंमत अशी, की गुडघ्यात ‘गॅप कमी झाला’ म्हणून रुग्ण घाबरतो आणि मणक्यात ‘गॅप आला’ म्हणून. वस्तुतः दोन्हीकडे जागा कमीच झालेली असते. ही प्रतिमा उभे राहून, अंगाचा भार पायांवर देऊन काढायला हवी. झोपून काढलेल्या प्रतिमेत झिजलेला सांधाही रुंद दिसू शकतो. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये ० ते ४ अशी प्रतवारी बसवली आणि अहवालांत आजही तीच असते.

एमआरआयमध्ये मात्र कूर्चा प्रत्यक्ष दिसते. तिची जाडी, तीवरील भेगा आणि विशेष तंत्र वापरल्यास तिच्यातील पाण्याचे बिघडलेले प्रमाणही मोजता येते. तथापि जे दिसते ते दुखतेच असे नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या ९९१ मध्यमवयीन व वृद्ध रहिवाशांच्या गुडघ्यांचे एमआरआय करण्यात आले. ज्यांच्या गुडघ्यातील गादी फाटलेली आढळली त्यांच्यापैकी ६१ टक्क्यांना गेल्या महिन्यात गुडघ्यात काहीही दुखले नव्हते. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कूर्चेला मज्जातंतू नाहीत हे आठवले की याचे नवल वाटत नाही. वेदना येते ती खालच्या हाडातून, अस्तरातून आणि स्नायुबंधांतून. म्हणून शहाणा वैद्य प्रथम माणसाला चालायला लावतो, सांधा हातात घेतो आणि सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो हे विचारतो. अर्ध्या तासात मोकळा होणारा सांधा झिजेचा असण्याची शक्यता अधिक. तासाहून अधिक काळ आखडलेले, सुजलेले, दोन्ही हातांचे सांधे आमवाताकडे बोट दाखवतात आणि त्याचे उपचार सर्वस्वी निराळे असून ते त्वरेने सुरू करावे लागतात. रक्तातील युरिक ॲसिड तपासून कूर्चेविषयी काहीही कळत नाही, तरीही ही तपासणी सर्रास केली जाते.

बाजार आणि पुरावा

‘कूर्चा पुन्हा वाढवून देतो’ हे शब्द आज वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपासून मोबाइलपर्यंत सर्वत्र दिसतात. मध्यमवर्गीय कुटुंबाची निवृत्तीची पुंजी या शब्दांवर खर्ची पडते, म्हणून पुरावे नीट पाहणे आवश्यक आहे. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या गोळ्यांची १,५८३ रुग्णांवर झालेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. एकंदर रुग्णांत त्यांचा परिणाम नकली गोळीहून सरस ठरला नाही. दुर्बिणीने गुडघा धुण्याची आणि खरवडण्याची शस्त्रक्रिया २००२ मध्ये १८० रुग्णांवर तपासली गेली. काहींना फक्त त्वचेवर छेद देऊन शस्त्रक्रियेचा देखावा केला होता. दोन वर्षांनी त्यांच्यात आणि खऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांत फरक आढळला नाही. दर तीन महिन्यांनी गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांची कूर्चा दोन वर्षांत साध्या क्षारजलाच्या तुलनेत अधिक घटली, असे २०१७ च्या चाचणीत दिसले. स्वतःच्याच रक्तातील बिंबाणूंचे, म्हणजे ‘पीआरपी’चे इंजेक्शन सध्या फार बोलबाल्यात आहे. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या चाचणीत ते वेदना कमी करण्यातही आणि कूर्चा राखण्यातही क्षारजलाहून वरचढ ठरले नाही.

ही कसोटी सर्वांना सारखीच लावली पाहिजे. आयुर्वेदीय योगांची डॉ. चोप्रा यांच्याच नेतृत्वाखाली ४४० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१३ मध्ये तिचा निष्कर्ष आला. वेदना आणि हालचाल यांबाबत ते योग ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले; काही रुग्णांत मात्र यकृताच्या विकरांची पातळी वाढली, हेही त्याच निबंधात प्रांजळपणे नोंदवले आहे. कूर्चा नव्याने उगवल्याचा दावा त्या संशोधकांनी केला नाही. तो दावा दुकानदार करतात. थंडीतल्या डिंकाच्या लाडवांचेही तसेच. लाडू पौष्टिक खरा, पण तो गुडघ्यात पोहोचण्याआधी कमरेवर थांबतो.

तरुणांच्या, मर्यादित जखमेच्या बाबतीत चित्र इतके निराशाजनक नाही. स्वीडनमधील शल्यविशारदांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांच्या कूर्चापेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा जखमेत सोडल्या. तेव्हापासून हे तंत्र सुधारत आले आहे. जन्मतः कान नसलेल्या मुलांसाठी बरगडीची कूर्चा कोरून कान घडवला जातो. मात्र संपूर्ण गुडघा झिजलेल्या वृद्धाला पेशींचे रोपण लागू पडत नाही, हे त्याला आधीच सांगितले पाहिजे.

पुराव्याने सिद्ध झालेले उपाय स्वस्त आहेत आणि कदाचित म्हणूनच त्यांची जाहिरात होत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा नित्य व्यायाम, सपाटीवरचे चालणे, आणि वजन. वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे मोजमाप २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. लठ्ठ रुग्णांत वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाने गुडघेदुखीही लक्षणीय कमी झाल्याचे २०२४ मध्ये दिसले. परंतु ते महाग असून वैद्यकीय देखरेखीशिवाय घेण्याजोगे नाही. हौशी धावपटूंमध्ये गुडघे-खुब्यांची झीज बैठ्या माणसांपेक्षा कमी आढळते. निरोगी गुडघ्याला मांडी घालून जेवायला बसणे वर्ज्य नाही. झिजलेल्या आणि दुखऱ्या गुडघ्याला खुर्ची द्यावी.

एवढे करूनही चालणे अशक्य झाले, रात्रीची झोप उडाली आणि पाय वाकला, तर सांधा बदलणे हा खरा उपाय उरतो. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ही शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून ‘गुडघा बदलणे’ हे शब्द घराघरांत पोहोचले. कृत्रिम सांध्यांच्या किमतीत होणारी लूट थांबवण्यासाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा ठरवली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची, सरासरी दीड लाखाहून अधिक असलेली किंमत ५४,७२० रुपये अधिक कर अशी निश्चित झाली. ही मर्यादा सांध्यापुरती असते. खोलीभाडे, शल्यविशारदाचे शुल्क आणि भौतिकोपचार यांचा आकार रुग्णालय स्वतंत्र लावते. म्हणून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवण्याआधी एकूण खर्चाचा लेखी तपशील मागून घ्यावा, आणि त्यात सांध्याचे नाव, धातू व किंमत वेगळी लिहिलेली आहे की नाही, हे कुटुंबातील कोणीतरी पाहावे.